बत्तिशीमामांच्या नायिका

दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. दवाखान्यात येणाऱ्यांना ती दिसायची नाही. तिथून येणारी घरघर तेवढी ऐकू यायची, आणि खुर्चीत बसलेला माणूस ती आपल्याच दातांसाठी चालली आहे असं समजून खुर्चीचे हात घट्ट धरायचा. खरं तर त्या खोलीत कुणालाच काही दुखत नसे. तिथे बत्तिशीमामा कवळ्या करत बसलेले असायचे.

त्यातलं मामा हे नाव बहिणीच्या मुलांनी दिलेलं आणि बत्तिशी गल्लीने लावलेली. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई पुढच्या खोलीत माणसाच्या तोंडाचं माप घ्यायच्या. मामा त्यावरून प्लास्टरचा साचा ओतायचे, साच्यावर मेणाची हिरडी चढवायचे आणि त्या मेणात एकेक दात बसवत जायचे. मेणातली कवळी एकदा त्या माणसाच्या तोंडात घालून बघायची. पसंत पडली की मेणाच्या जागी पक्का गुलाबी मसाला भरायचा, शिजवायचा, घासायचा, चकाकी आणायची. सांगायला काम एवढंच. पण दात बसवताना मामा श्वाससुद्धा हळू घ्यायचे, आणि त्या वेळी त्यांना कुणी हाक मारली तर त्यांचं उत्तर यायला बराच वेळ लागायचा.

या कामात एक मेख आहे. कंपनीतून येणारे दात सगळे सारखे, देखणे आणि शहाणे असतात. ते तसेच रांगेत बसवले तर माणूस हसला की आधी कवळी दिसते, माणूस मागाहून. खरे दात असे शिस्तीत कधी उभे राहत नाहीत. एखादा खांदा पुढे काढून उभा असतो, एखादा शेजाऱ्याच्या आड लपतो. म्हणून चांगला कारागीर मुद्दाम एखादा दात जरासा फिरवतो, एखादा केसभर आत घेतो. पण कोणता फिरवायचा आणि किती? त्या माणसाचे खरे दात तर केव्हाच गेलेले असतात, आणि जुन्या फोटोंत सगळे तोंड मिटून बसलेले. इथे मामांनी आपला मार्ग काढला होता, आणि तो त्यांनी कुणालाही सांगितलेला नव्हता. ते सिनेमातल्या माणसांचे दात लावायचे. बायकांना नट्यांचे, पुरुषांना नटांचे. तेही जुन्या हॉलिवूडचे, काळ्या-पांढऱ्या जमान्यातले.

याचं मूळ त्यांच्या तरुणपणात होतं. ज्या वस्तादांच्या हाताखाली ते हे काम शिकले, ते वस्ताद मोठे विचित्र. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मामांना सांगितलं, “रविवारी सकाळी थेटरात जा. जुने इंग्रजी सिनेमे लावतात. तिथे माणसाचं तोंड भिंतीएवढं दिसतं. ओठ दातांवर कसा चढतो, कसा उतरतो, ते बघून ये. इथे तोंडात वाकून बघशील तर डोळे फुटतील.”

मामांना इंग्रजीचा गंध नव्हता. पहिल्या रविवारी त्यांनी इमानेइतबारे दात बघितले. दुसऱ्या रविवारी दात बघता बघता नजर ओठांवर गेली, ओठांवरून डोळ्यांवर. पुढे एका सोमवारी वस्तादांनी विचारलं, “काल काय बघितलंस?”

“ती शेवटी परत आली,” मामा म्हणाले.

“मी दातांचं विचारतोय.”

वस्ताद हसले, पण पोरगं हातचं गेलं हे त्यांना कळलं.

पडद्यावरची ती परदेशी नावं मामांच्या जिभेवर काही चढली नाहीत, म्हणून त्यांनी आपलीच नावं ठेवली. एक उंच, सावकाश बोलणारा, दारातून आत येताना उगाच मान खाली घालणारा नट होता, तो लांबट्या. दुसरा एका ओठाने हसायचा, तो वाकडा. नट्यांत भुवई होती, राणीसरकार होती, आणि खडीसाखर होती. खडीसाखरेचा वरचा एक दात शेजारच्या दातावर जरासा चढलेला होता, आणि ती हसली की तो आधी दिसायचा. मामांचा जीव एकट्यादुकट्यावर नव्हता, जोडीवर होता. लांबट्या राणीसरकारसमोर आला की शाळेत उशिरा पोचलेल्या मुलासारखा उभा राहायचा. तोच भुवईसमोर आला की एकदम मोठा व्हायचा, आवाज खाली आणायचा. माणूस एकच, पण समोर कोण आहे यावर तो ठरायचा. मामांना याचं फार नवल वाटे. नटाला पैसे देऊन आणता येतं, ते म्हणायचे, पण तो खुलायचा की नाही हे नटीच्या हातात.

पुढे ते थेटर बंद पडलं. मग टीव्ही आला, मग सिनेमाच्या तबकड्या आल्या, आणि मामांचा रविवार घरातच सुरू झाला. दुपारी पडदे ओढायचे, खुर्ची पुढे घ्यायची. मामींना त्या काळ्या-पांढऱ्या मंडळींत काडीचा रस नव्हता. त्या दारातून एवढंच विचारायच्या, “ह्यात कुणी मरतं का?”

मामांनी हो म्हटलं तर त्या आत कपड्यांच्या घड्या घालायला निघून जायच्या. नाही म्हटलं तर शेजारी येऊन बसायच्या आणि झोपायच्या.

असं करता करता गावभर मामांच्या नायिका पसरल्या होत्या. पलीकडच्या गल्लीतल्या शिंपीणबाई गिऱ्हाइकाला हसून नकार द्यायच्या, ते भुवईचं हसू होतं. लाँड्रीवाल्याच्या आईच्या तोंडात राणीसरकार होती. निवृत्त पोस्टमन वाकड्यासारखं हसायचा, आणि त्याचं हल्ली बायकांशी बोलणं वाढलंय अशी त्याच्या सुनेची तक्रार होती. मामा बाजारातून जाताना ही सगळी ओळखीची हसू बघायचे आणि मनातल्या मनात खूश होऊन पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे. यात कुणाचं काही वाईट होतंय, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग टायपिस्टबाई आल्या.

या बाई एका मोठ्या ऑफिसात इंग्रजी पत्रं टाइप करून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन दोनेक वर्षं झालेली, मुलगी दूरच्या शहरात. अंगाने उंच, बोलणं मोजकं, आणि बोलताना तोंडापुढे हात धरायची सवय. वरचे दात हिरड्यांच्या दुखण्याने एकेक करून गेले होते. मामांनी त्यांना दाराच्या फटीतून पाहिलं, तो तोंडापुढचा हात पाहिला, आणि ठरवलं की या बाईंना जरा मोकळं करायला हवं. त्यांनी खडीसाखर काढली. तो एक दात शेजारच्यावर चढवायला मामांनी अख्खी दुपार घातली. इतकी हुबेहूब खडीसाखर त्यांच्या हातून आधी झाली नव्हती. मेणातली कवळी बाईंनी दोन मिनिटं घातली, आरशात पाहण्याआधीच “ठीक आहे” म्हणाल्या, आणि पुढे पक्की कवळी घेऊन गेल्या.

पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “टोचते का? सैल होते?”

“टोचत नाही, सैल नाही, चावता येतं. ज्यांनी केली त्यांना भेटायचंय.”

डॉक्टरीणबाईंनी आत डोकावून हाक मारली. “मामा, जरा बाहेर या.”

मामा हात पुसत बाहेर आले. बाईंनी रुमाल उलगडून कवळी टेबलावर ठेवली होती. दात नसल्यामुळे त्यांचा वरचा ओठ आत गेला होता, पण नजर अशी होती की मामा खुर्चीवर बसायचे ते उभेच राहिले.

“हे दात माझे नाहीत,” बाई म्हणाल्या.

“नव्या कवळीत सगळ्यांना असंच वाटतं. महिनाभरात...”

“तसं नाही म्हणत मी. हे कुणाचे आहेत ते मला माहीत आहे.” आणि त्यांनी खडीसाखरेचं खरं नाव घेतलं. त्यांच्या तोंडी ते इतकं सहज आणि नीट आलं की मामांना ते कळायला क्षणभर वेळ लागला. पोस्टरवर त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं होतं. माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांचे कान गरम झाले. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ते नुसते कवळीकडे बघत राहिले.

“कोण ही?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“सिनेमानटी,” बाई म्हणाल्या. “माझे मिस्टर तिच्यामागे वेडे होते. तिचा फोटो आमच्या कपाटाच्या दाराला आतून लावलेला. सकाळी कपडे काढायला कपाट उघडलं की ती हसायची. मला म्हणायचे, तूही अशी हस की जरा. माझ्या पुढच्या दोन दातांत फट होती. त्यातून वारा येतो म्हणायचे. थट्टेत हं, माणूस वाईट नव्हता. पण मी आपलं तोंड मिटून घेतलं.” त्या थांबल्या. “आमचा संसार झाला तेवढी वर्षं ती बाई आमच्या घरात होती. ते गेले, मी फोटो काढून टाकला. आणि परवा आरशात बघते तर काय, ती आता तोंडातच येऊन बसलीय.”

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना आणि हसावं असंही वाटेना. त्या मामांकडे वळल्या. “मामा, हे खरं आहे? तुम्ही मुद्दाम केलंत?”

मामांनी होकारार्थी मान हलवली.

“सगळ्यांनाच करता?”

“बहुतेकांना.”

डॉक्टरीणबाईंच्या काही तरी लक्षात आलं. “माझ्या आईची कवळी तुम्हीच केलीत. तिच्या तोंडात कोण आहे?”

“राणीसरकार,” मामा म्हणाले. “म्हणजे ती एक... मानी बाई होती.”

“तरीच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला आत घ्यायला निघून गेल्या.

मामांनी टेबलावरची कवळी उचलली. बाईंची माफी मागावी असं त्यांना वाटत होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. “तुम्ही दातावरून ओळखलंत तिला. आजवर कुणी ओळखलं नव्हतं.”

“आम्हीही जायचो रविवारी सकाळी. मला ती कधीच आवडली नाही. त्या उंच हिरोबरोबर तर अजिबात नाही. त्याला शोभायची ती दुसरी. भुवया उंच करणारी.”

“भुवई,” मामा म्हणाले.

“काय?”

“मी तिला भुवई म्हणतो. आणि त्याला लांबट्या.”

बाईंचा हात आपोआप तोंडाकडे गेला आणि त्याआड त्या हसल्या. मामांनी धीर करून विचारलं, “मग पुढचे दात बदलून देतो. भुवईचे लावू?”

“नको,” बाई म्हणाल्या. “माझे लावा.”

घरी गेल्यावर मामांचं जेवणात लक्ष लागेना. मामींनी दोनदा विचारलं तेव्हा त्यांनी झालेलं सगळं सांगितलं, आणि मग चाचरत म्हणाले, “मी तुला कधी म्हटलं का, अमकीसारखी हस, तमकीसारखी बोल?”

“म्हणून बघायचं होतंत.”

“नाही म्हटलं ना पण?”

“नाही.” मामींनी त्यांच्या ताटाकडे बोट दाखवलं, म्हणजे जेवा. “पण मला हसताना तुम्ही बघता कुठे? तुम्ही दात बघता.”

हे त्या रागाने म्हणाल्या नव्हत्या. वारा पडलाय असं सांगावं तशा सांगून त्या उठल्या. मामा मात्र घास हातात धरून बसून राहिले.

आता बाईंचे स्वतःचे दात आणायचे कुठून? फोटो सगळे मिटल्या तोंडाचे. मुलीला आईचे दात आले होते खरे, पण लहानपणीच वडिलांच्या आग्रहाने तारा लावून ती फट मिटवलेली. मामांनी विचारलं, “तुमच्या माहेरी आणखी कुणाला तशी फट होती?”

“दादाला,” बाई म्हणाल्या. “आहे अजून. त्याचे सगळे दात शाबूत आहेत.”

दादा ऐंशीच्या घरातले. त्यांना दातांच्या दवाखान्यात का बोलावलंय हे बहिणीने फोनवर नीट सांगितलं होतं, तरी खुर्चीत बसल्यावर त्यांनी जाहीर केलं, “मला काही दुखत नाहीये. हात लावाल तर मी उठून जाईन.”

“फक्त माप घ्यायचंय, आजोबा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मामांचा उद्योग कळल्यावर त्या आधी रागावल्या होत्या, मग घरी जाऊन आईकडे बराच वेळ बघत बसल्या होत्या, आणि आता या कामात त्यांना मामांइतकाच रस आला होता.

मापाचा गुलाबी लगदा तोंडात भरल्यावर दादांना बोलता येईना, आणि तेवढ्या वेळात बाईंनी त्यांच्या लहानपणीच्या सगळ्या खोड्या सांगून घेतल्या. लगदा निघाल्यावर दादांनी तोंड पुसलं आणि हिशेब चुकता केला. “ही काय बोलतेय? ही हसली की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे. वडील म्हणायचे, हिला हसवू नका, भाडेकरू जातील. लग्न झालं आणि आवाज बंद. मला वाटलं, मोठी झाली.”

बाईंनी त्यांच्या हनुवटीवर राहिलेला लगद्याचा ठिपका पुसून काढला.

दादांच्या साच्यावरून मामांनी फटीचं माप घेतलं. पण बाईंचा एक दात किंचित पुढे होता, तो कोणता, यावर भावंडांचं जमेना.

“डावा,” बाई म्हणाल्या.

“उजवा,” दादा म्हणाले. “मी रोज हिच्यासमोर जेवायला बसायचो.”

“समोर बसायचास म्हणूनच तुला उजवा वाटतो.”

दादांनी दोन्ही हात वर करून डावं-उजवं करून बघितलं आणि विषय सोडून दिला. पण बाईंनाही आता खात्री वाटेना. आरशात आपले दात बघायचं त्यांनी फार पूर्वीच सोडलं होतं. तेव्हा मामांनी मेणात दोन कवळ्या केल्या, एकीत डावा पुढे, एकीत उजवा, आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले, “आरसा देऊ नका. जिभेला विचारू द्या.”

पहिली कवळी तोंडात घालून बाईंनी डोळे मिटले. दातांच्या मागच्या बाजूने जीभ फिरवली. “परकं वाटतं,” त्या म्हणाल्या. दुसरी घातली. जीभ फटीपाशी आली, थांबली, परत मागे गेली, पुन्हा आली. बराच वेळ त्या तशाच बसून राहिल्या. फटीत जीभ घालून बसायची लहानपणची सवय त्या स्वतः विसरल्या होत्या. जीभ विसरली नव्हती.

“थोडा आणखी पुढे,” त्या म्हणाल्या.

मामांनी तिथेच मेण गरम करून दात केसभर पुढे घेतला. असं आणखी दोन वेळा झालं. मग आरसा दिला. बाईंनी आधी ओठ मिटूनच पाहिलं, मग हळूच उघडले. दादा शेजारी उभे राहून वाकून बघत होते.

“हां,” दादा म्हणाले. “हीच. हिनेच माझी सायकल विहिरीत टाकली होती.”

आणि बाई हसल्या. डॉक्टरीणबाईंच्या बाहेरच्या बाकावर बसलेले पेशंट एकमेकांकडे बघू लागले, इतक्या मोठ्याने. मामा या वेळी दाताकडे न बघता जरा मागे सरून उभे होते, म्हणून त्यांना बाईंचे डोळे दिसले. ते पाण्याने भरले होते, पण त्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये असं बाईंना वाटत असावं, म्हणून मामा साचा उचलून आत निघून गेले.

या मापांच्या खेपांमध्ये त्यांचं सिनेमाचं बोलणं चालूच होतं. मामांना एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बोलायला कुणी भेटलं होतं. त्यांनी शेवटी न राहवून बाईंना एक गोष्ट विचारली. लांबट्या आणि भुवई यांचा एक सिनेमा मामांना सगळ्यांत प्रिय होता. त्यात दोघं एका जिन्यावर बसलेले असतात. घरात काही तरी वाईट घडलेलं असतं. बराच वेळ तो नुसता तिच्याकडे बघतो, मग हलक्या आवाजात एकच वाक्य बोलतो, आणि ती त्याच्या बाहीवर हात ठेवते. ते वाक्य काय असेल याचा मामांनी तरुणपणापासून विचार केला होता. त्यांच्या मनाने त्याचा अर्थ असा लावला होता की तो म्हणतो, तू नसशील तर मी कुणीच नाही.

“जिना ना? पाठ आहे मला तो सीन,” बाई म्हणाल्या. “तो म्हणतो, तुझा चहा गार होतोय.”

“एवढंच?”

“एवढंच.”

मामा हिरमुसले. दुपारभर त्यांनी प्लास्टर कालवलं ते सैल झालं, फेकून द्यावं लागलं. पण संध्याकाळी घरी चालत जाताना ते वाक्य त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं. घरात माणूस गेलंय, ती जिन्यावर बसलीय, आणि याला सुचतं ते एवढंच, की हिच्या हातातला चहा गार होतोय. म्हणजे तो मघापासून बघत होता, ती पीत नाहीये हे. कोपऱ्यावर येईपर्यंत मामांची खात्री पटली की आपलं वाक्य फार भपकेबाज होतं आणि हे कितीतरी चांगलं आहे. घरी आल्या आल्या त्यांनी ते मामींना सांगितलं. मामी म्हणाल्या, “मग? मी तुम्हाला रोज हेच सांगते.”

नवी कवळी पक्की झाली, बाई ती घालून गेल्या, आणि मामांनी त्यांना रविवारी घरी बोलावलं. पहिल्या रविवारी मामींनी दारातून नेहमीचा प्रश्न विचारला. टायपिस्टबाईंनी मागे वळून सांगितलं, “मरतो, पण चांगला मरतो. या, मी सांगते काय चाललंय ते.” मामी खुर्चीच्या टोकावर येऊन बसल्या. बाई पडद्यावरचं बोलणं जसंच्या तसं मराठीत सांगत गेल्या, भांडण आलं की भांडणाच्या आवाजात, प्रेम आलं की जरा संकोचून. मामी शेवटपर्यंत जाग्या राहिल्या आणि शेवटी नाक पुसत म्हणाल्या, “एवढं सगळं बोलत होती होय ही माणसं. मला वाटायचं, नुसती टोप्या घालून हिंडतात.”

मामांना मात्र पहिले काही रविवार अवघड गेले. त्यांनी मनाने रचलेले निम्मे सिनेमे कोसळले. ज्याला ते नायिकेचा काका समजत होते तो तिचा वकील निघाला. एक सिनेमा त्यांनी दुःखी म्हणून जपून ठेवला होता, तो सगळा विनोदी होता. ते अधूनमधून वाद घालायचे. “अहो, पण तिचा चेहरा बघा. चेहरा तसं म्हणत नाहीये.” बाई चेहरा बघायच्या, आणि कधी कधी म्हणायच्या, “हे मात्र खरं. बोलतेय एक आणि मनात दुसरंच आहे. माझं लक्षच गेलं नव्हतं कधी, मी शब्दांच्या मागे असायचे.” मग तबकडी मागे नेऊन तो तुकडा पुन्हा बघायचा. मामी म्हणायच्या, पुढे चला हो, कळलं.

दवाखान्यातलं काम बदललं. मामा आता माप आलं की आधी बाहेर येऊन त्या माणसाशी बोलायचे. तुमचे दात कसे होते, भावाचे कसे आहेत, मुलाचे कसे आहेत. कुणी सांगत बसायचं, कुणी वैतागायचं. एक आजोबा म्हणाले, “माझे दात भयंकर होते, तेच परत कशाला देता?” मामांनी त्यांना वाकड्याचे देऊ का विचारलं, आणि आजोबा घरी खुशीत गेले. मामांचं म्हणणं एवढंच झालं होतं, की विचारायचं. शिंपीणबाईंना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं की तुमच्या तोंडात एक नटी आहे, नको असेल तर बदलून देतो. शिंपीणबाईंनी सुई दातातून काढली, ती नटी कशी दिसायची ते विचारलं, मामांच्या मोबाइलवर फोटो बघितला, आणि बदलायला साफ नकार दिला. राणीसरकारही जागच्या जागी राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता आईला वेगळं हसताना बघितलं तर घरात कुणाला झोप लागणार नाही.

एका रविवारी, बरेच महिने झाल्यावर, टायपिस्टबाई तबकड्यांच्या खोक्यात काही शोधत होत्या. त्यांनी एक काढून मामांच्या हातात दिली. तिच्यावर खडीसाखर आणि लांबट्या होते.

“ही लावायची?” मामांनी विचारलं.

“लावा. एकदा बघून तर घेऊ.”

दादाही त्या दिवशी आले होते. ते मामांच्या शेजारी बसले आणि सुरुवातीलाच विचारू लागले की या हिरोला बसायला कुणी सांगत कसं नाही. बाईंनी नेहमीसारखं सांगायला सुरुवात केली, पण हळूहळू सांगणं कमी झालं. खडीसाखर पडद्यावर कुणाच्या तरी पार्टीत एकटी उभी होती. सगळे तिला बघत होते, आणि ती हसत होती, तो दात दाखवत. मग लोकांची पाठ वळली आणि तिने हसू उतरवून ठेवलं, दमलेल्या माणसाने चपला काढाव्यात तसं.

“तिलाही सारखं हसायला लावत असतील,” बाई म्हणाल्या.

मामींनी उठून खिडकीचा पडदा नीट केला आणि पुन्हा येऊन बसल्या. शेवटच्या प्रसंगात लांबट्या स्टेशनवर धावत आला, तिच्या हातातली बॅग घेतली आणि दोघं फलाटावरच्या बाकावर बसून बोलत राहिले. ती बोलत होती, तो ऐकत होता. गाडी त्यांच्यामागून निघून गेली आणि सिनेमा संपला.

“मग पुढे नांदले का नीट?” मामींनी विचारलं.

“ते दाखवत नाहीत,” बाई म्हणाल्या.

“नांदले असतील. त्याने मध्ये एकदाही तिचं बोलणं तोडलं नाही.”

“एवढ्यावरून काय कळतं?” दादा म्हणाले.

“तेवढ्यावरूनच कळतं,” मामी आणि टायपिस्टबाई एकदमच म्हणाल्या, आणि दादांना बायकोची आठवण झाली. मामांनी तबकडी काढून खोक्यात ठेवली, पडदे उघडले. बाहेर अजून ऊन होतं. बाईंनी टेबलावरचा चष्मा उचलून काचा पुसल्या आणि पुढच्या रविवारी भुवईचा कोणता सिनेमा लावायचा यावर त्यांचं आणि मामांचं सुरू झालं.